गाणी लाखोंच्या ओठी, शाहिरांची नोंद कोशात केवढी?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या जिभेवरचे औरंगाबाद. या शहरात १४ एप्रिलच्या रात्री क्रांती चौकापासून भडकल गेटपर्यंत भीमगीते दणाणतात. ती गाणी कोणी लिहिली, हे मिरवणुकीतल्या तरुणांना विचारून पाहावे. गायकाचे नाव लगेच येते. गीतकाराचे नाव आलेच तर एकच येते, वामनदादा! मग ते गाणे लक्ष्मण राजगुरूंचे असो, राजानंद गडपायलेंचे असो, नाहीतर हरेंद्र जाधवांचे. वामनदादांच्या थोरवीमुळे हे घडते असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. वामनदादांचे नाव तरी राहिले, बाकीच्यांचे पुसले गेले, असा त्याचा सरळ अर्थ आहे. आणि ज्यांचे नाव राहिले त्यांच्याविषयी तरी आपल्याला नक्की किती माहीत आहे?

हा प्रश्न आम्ही कोशांच्या संदर्भात विचारीत आहोत. मराठी माणसाला कोशांचे वावडे नाही. डॉ. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. याच केतकरांच्या जातिविषयक ग्रंथाची दखल बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात घेतली होती, आणि जेथे पटले नाही तेथे त्यांना खोडूनही काढले होते. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता तो संगणकावर आणि मोबाईलवर कोणालाही फुकट वाचता येतो. २००३ पासून मराठी विकिपीडियाही आहे. तेव्हा कोश नाहीत अशी तक्रार करण्याचे कारण नाही. आमच्या शाहिरांच्या नोंदी कोठेच नाहीत, असेही म्हणता येणार नाही. शोधणाऱ्याला त्या सापडतात. पण नोंद सापडली की आपला कार्यकर्ता खूश होतो. ती वाचून तपासावी, तिची प्रत ठरवावी, हे त्याच्या मनातही येत नाही. प्रस्थापितांच्या पंगतीत पान मांडले गेले, एवढ्यावरच आपण ढेकर देतो. पानात काय वाढले आहे, हे कोण बघणार?

शाहिराच्या नोंदीचा एक ठरीव साचा आहे. जन्म अमुक गावी, गरीब कुटुंबात. शिक्षण जेमतेम. बाबासाहेबांच्या विचारांनी प्रभावित. मग 'लोककवी', 'महाकवी', 'बुलंद आवाज', 'समाजजागृतीचे महान कार्य', आणि शेवटी मृत्यूची तारीख. यात गौरव भरपूर आहे, माहिती कोठेच नाही. गावाचे आणि माणसाचे नाव बदलून हीच नोंद दुसऱ्या शाहिराला चिकटवली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. जी नोंद दोन माणसांना सारखीच बसते, ती त्यांतल्या एकाचीही नसते.

नोंद कशी असते हे पाहायचे तर सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण घेऊ. युरोपातल्या प्रबोधनकाळात जोस्कँ द प्रे नावाचा एक संगीतकार होऊन गेला. तो १५२१ साली वारला, म्हणजे आपल्याकडे एकनाथही अजून जन्माला यायचे होते. इंग्रजीत 'न्यू ग्रोव्ह' हा संगीताचा मोठा कोश आहे. १९८० साली तो वीस खंडांत निघाला आणि २००१ साली एकोणतीस खंडांत. त्यात या जोस्कँवर जे लिहिले आहे ते चरित्रापुरते थांबत नाही. त्याच्या रचनांची यादी आहे. कोणती रचना कोणत्या हस्तलिखितात किंवा कोणत्या छापील पुस्तकात मिळते, ते आहे. आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की कोणती रचना खात्रीने त्याची आणि कोणती संशयास्पद, याची निवड केलेली आहे. कारण जोस्कँ मेल्यावर त्याच्या नावावर इतकी गाणी छापली गेली, की १५४० साली एका संपादकाने जिवंतपणापेक्षा मेल्यावरच हा गृहस्थ जास्त रचना करतो आहे, अशा अर्थाची थट्टा छापली. पुढच्या अभ्यासकांनी त्या ढिगातून बऱ्याच रचना बाजूला काढल्या. त्यामुळे जोस्कँ लहान झाला नाही. उरला तो त्याचा स्वतःचा उरला, एवढेच.

त्याहून बोलका प्रकार त्याच्या वयाचा आहे. मिलानच्या मुख्य चर्चमध्ये १४५९ साली या नावाचा एक गायक होता, असा कागद सापडला होता. त्यावरून त्याचा जन्म १४४० च्या सुमाराचा धरला गेला आणि सारे कोश तसेच लिहीत आले. १९९८ साली दोन संशोधकांनी दाखवून दिले की तो गायक वेगळाच, नावसारखेपणामुळे दोन माणसे एक झाली होती. जोस्कँ एका फटक्यात दहा-पंधरा वर्षांनी तरुण झाला आणि २००१ च्या कोशात चरित्र नव्याने लिहावे लागले. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसासाठी एवढी यातायात!

आता आपल्याकडे या. आपल्याकडेही दोन कर्डक आहेत. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक. दोघेही नाशिक जिल्ह्यातले, दोघेही शाहीर, दोघेही बाबासाहेबांचे. भीमराव हे जलशाच्या पहिल्या पिढीचे. 'आंबेडकरी जलसे' या नावाने त्या चळवळीची हकीकत त्यांनी स्वतःच लिहिली आणि ती १९७८ साली ग्रंथरूपाने आली. वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मले. त्यांनी प्रौढ वयात मुंबईत अक्षरे गिरवली आणि १९४३ च्या सुमारास गीते लिहायला सुरुवात केली. काळ वेगळा, प्रकार वेगळा. एकाचा जलसा म्हणजे गण, बतावणी आणि वग यांच्या चौकटीत केलेले प्रबोधन. दुसऱ्याचे एकट्याचे गीत, भोवती चार साथीदार. तरी व्यासपीठावरून एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर खपताना आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. जलशाविषयी बाबासाहेबांनी काढलेले म्हणून जे उद्गार सांगितले जातात, त्यांचेही तसेच. आपल्या सभांपेक्षा एक जलसा मोलाचा, अशा आशयाचे ते उद्गार आहेत. कोणी सभांची संख्या दहा सांगतो, कोणी आणखी काही. कोणी ते भीमरावांविषयी सांगतो, कोणी वामनदादांविषयी. कोणत्या सभेत, कोणत्या साली, कोणी ऐकले, हे लिहिल्याशिवाय कोणत्याही कोशाने ते छापू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाबासाहेबांच्या शब्दाला जपणाऱ्या समाजाने तरी याबाबत ढिलाई करू नये.

मग वामनदादांच्या गीतांची संख्या. दहा हजार गाणी, हा आकडा आता इतका रूढ झाला आहे की त्यावर शंका घेणे म्हणजे वामनदादांचा अवमान समजला जातो. आम्ही शंका घेत नाही, यादी मागतो. 'वाटचाल', 'मोहळ' यांसारखे संग्रह छापले गेले. 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आहे. पण ज्याचे अर्धे आयुष्य गावोगावच्या मुक्कामात गेले, त्याची गाणी पुस्तकात थोडी आणि लोकांच्या वह्यांत जास्त. कोणत्या वहीत कोणते गाणे, कोणत्या गावात ते प्रथम गायले, कोणत्या प्रसंगासाठी लिहिले, हे लिहून ठेवल्याशिवाय दहा हजार हा आकडा आकडाच राहणार. बरे, वामनदादांनी नाममुद्रेची सोय करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात 'वामन' घालायचे. चोखोबांपासून चालत आलेली ही रीत. ज्याच्या हाती कागद नाही, छापखाना नाही, त्याने आपल्या रचनेवर मारलेला हा शिक्काच. पण मिरवणुकीत आणि ध्वनिफितीत वेळ कमी पडतो. शेवटचे कडवे गाळले जाते आणि गाळले तेच नेमके नावाचे! उलट दुसऱ्याच्या गाण्यात 'वामन' घालून ते चालवणारेही निघाले, तर ते ओळखायचे कसे? जोस्कँच्या बाबतीत जे काम पाचशे वर्षांनी करावे लागले, ते आपल्याला त्यांच्या साथीदारांपैकी काही जण हयात असतानाच करता येण्यासारखे आहे. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्यांच्या गळ्याचे, पाठांतराचे, लकबींचे साक्षीदार आज साठी-सत्तरीत आहेत.

येथे एक आक्षेप येईल. युरोपातले संगीतकार राजदरबारचे आणि चर्चचे नोकर होते, म्हणून त्यांचे कागद राहिले. आमच्या शाहिरांचे कागद कोठून आणायचे? आक्षेप खरा आहे आणि जातिव्यवस्थेचे मर्म त्यातच आहे. फेरारा संस्थानच्या एर्कोले राजाला गायक नेमायचा होता. १५०२ साली त्याच्या माणसाने त्याला पत्र लिहिले की जोस्कँ रचना चांगली करतो, पण स्वतःच्या मर्जीने करतो आणि दोनशे दुकात मागतो. इझाक नावाचा दुसरा गायक एकशेवीसमध्ये येईल आणि सांगाल तेव्हा रचना करून देईल. राजाने दोनशेवाला घेतला. हे पत्र राहिले, म्हणून जोस्कँचा स्वभावही कोशात गेला. ज्याला पगार मिळतो त्याचा हिशेब राहतो. वामनदादांना कोणत्या संस्थानाने पगार दिला? त्यांची बिदागी म्हणजे जयंती समितीने वर्गणीतून दिलेले पैसे आणि वस्तीत मिळालेली भाकरी.

पण म्हणून कागदच नाहीत असे नाही. ते वेगळ्या ठिकाणी आहेत. जयंती समितीची पावतीपुस्तके आहेत, जमाखर्चाच्या वह्या आहेत, त्यांत 'शाहीर यांना प्रवासखर्च' अशी ओळ असते. हस्तपत्रके आहेत. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात दिलेले अर्ज आहेत. लग्नपत्रिकांवर 'रात्री भीमगीतांचा कार्यक्रम' म्हणून छापलेली नावे आहेत. तबकड्यांच्या लेबलांवर आणि कॅसेटच्या वेष्टनांवर गीतकार, गायक, संगीतकार वेगवेगळे दिलेले असतात. या कॅसेटी आज आपल्या घरांच्या माळ्यावर बुरशी धरत आहेत. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याच आवाजातल्या भीमगीतांच्या ध्वनिफिती मात्र आपल्या माणसांनीच भंगारात दिल्या. प्रल्हाददादाही २००४ सालीच, वामनदादांच्या पाठोपाठ गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले. एकेक गळा बंद होत गेला आणि यादी कोणी केली नाही.

आता चालीविषयी. शाहिराच्या नोंदीत सर्व काही असते, फक्त संगीत नसते. कोणत्या चालीत गायले, ताल कोणता, साथीला ढोलकी की हलगी, तुणतुणे की पेटी, याचा पत्ता नाही. आपल्या शाहिरांना कोशकार 'विचार' देतात, 'संदेश' देतात, पण संगीतकार म्हणून त्यांची गणना करीत नाहीत. का? तर म्हणे त्यांनी सिनेमाच्या आणि कव्वालीच्या चाली उचलल्या. जोस्कँच्या काळात युरोपात 'शस्त्रधारी माणूस' अशा अर्थाचे एक साधे लौकिक गाणे होते. त्याची चाल घेऊन मोठमोठ्या संगीतकारांनी चर्चसाठी चाळीसहून अधिक प्रार्थनासंगीते रचली. खुद्द जोस्कँने दोन रचली, पालेस्त्रीनानेही रचली. कोशात याला रचनाप्रकार म्हणतात. कोणी कोणती उसनी चाल घेऊन काय केले, यावर तेथे ग्रंथ लिहिले जातात. मग मनमाडच्या किंवा मुकुंदवाडीच्या शाहिराने लोकांच्या कानात बसलेली चाल घेऊन तीत बावीस प्रतिज्ञा बसवल्या, तर ती नक्कल कशी? चाल ओळखीची असल्यामुळे गाणे एका रात्रीत पाठ होते, निरक्षर बाईलाही होते. त्यासाठीच ती निवडली जात होती. मूळ चाल कोणती आणि शाहिराने तीत काय बदलले, हे सांगणारी नोंद लिहिली गेली तर आमच्या शाहिरांची गुणवत्ता कळेल. नुसते 'बुलंद आवाज' म्हटल्याने कळत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत अन्याय दुहेरी आहे. पठ्ठे बापूरावांची नोंद प्रत्येक कोशात सापडेल. ब्राह्मण घरातला माणूस तमाशात आला, याचे कौतुक असायलाही हरकत नाही. पण ज्या पवळाबाईंच्या गळ्यावर आणि अदाकारीवर तो फड उभा होता, त्या महार समाजातल्या कलावतीला स्वतंत्र नोंद, की बापूरावांच्या नोंदीत दोन ओळी? कोशाची प्रत जोखायला ही कसोटी पुरेशी आहे. युरोपात मादालेना कासुलाना या बाईचा गीतसंग्रह १५६८ साली छापला गेला, स्त्रीच्या नावाने छापलेला तो संगीतरचनांचा पहिला संग्रह. तिला आज स्वतंत्र लेख आहे.

काम कसे करावे याचा नमुना मात्र आपल्या मराठवाड्यातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावे, लाखाहून अधिक ओव्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. विद्यापीठीय पदव्या नसलेल्या आमच्या आयाबहिणींची अशी काटेकोर नोंद झाली. जयंतीच्या व्यासपीठावर हारतुरे स्वीकारणाऱ्या पुरुष शाहिरांची मात्र झाली नाही, हा विनोदच म्हणायचा. याच शहरातल्या कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि मोबाईलवर लाखो लोक त्यांना ऐकतात. त्या कोणाची गाणी गातात, त्यांनी ती कोठे ऐकली, हे त्यांना आज बसून विचारायला नको काय?

कडू वाटेल, पण दोष एकट्या वाईकरांना देऊन चालणार नाही. याच नागसेनवनातून, मिलिंद महाविद्यालयाच्या आवारातून दलित साहित्य उभे राहिले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवून कविता, कथा आणि आत्मकथन यांना समीक्षा मिळवून दिली. समीक्षा होती म्हणून दलित साहित्याची नोंद कोशाला करावीच लागली. भीमगीताला तशी समीक्षा मिळाली नाही. आपल्यातला शिकलेला वर्ग मुक्तछंदाने दिपला आणि यमक जुळवणारा शाहीर त्याला प्रचारकी वाटू लागला. नामांतराच्या सोळा वर्षांत मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांतून गाणी निघाली, पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांच्या हौतात्म्यावर निघाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या गाण्यांवर किती प्रबंध झाले, हे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन कोणीही पाहावे. विलास घोगरे यांनी १९९७ साली रमाबाईनगरच्या गोळीबारानंतर जीव दिला. त्यांचे नाव आज जगभर माहीत आहे ते आनंद पटवर्धनांच्या २०११ सालच्या चित्रपटामुळे, आपल्या एखाद्या ग्रंथामुळे नव्हे.

विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो, तेव्हा आपल्या मुलांनी तेथे भराभर लेख टाकावेत, असा उपाय सुचवला जातो. टाकावेत. पण तेथेही पूर्वी छापून आलेला विश्वासार्ह आधार मागतात, नाहीतर लेख काढून टाकतात. इंग्रजीत तर लेखांना प्रतीही लावतात, अगदी खुरट्या लेखापासून निवडक लेखापर्यंत. आधार नसलेला लेख खालच्या पायरीवरच राहतो. मग आधार कोठून यायचा? तो आपल्याच दैनिकांतून यायला हवा. आणि आपली दैनिके काय छापतात? 'सुप्रसिद्ध गायकांनी भीमगीते सादर करून श्रोत्यांना मंत्रमुग्ध केले.' कोणती गीते, कोणाची, एका शब्दाने नाही. गावोगावचे वार्ताहर बंधू ही बातमी पाठवतात तेव्हा गायकाच्या नावाखाली गीतकाराचे नाव, साथीदारांची नावे आणि दिनांक एवढे जरी लिहितील, तरी उद्याच्या कोशकाराला दाखवायला एक छापील कात्रण तयार होईल. गाणे कोणाचे हे गायकालाच माहीत नसेल, तर तेही छापावे, 'गीतकार अज्ञात' म्हणून. वाचकांपैकी कोणाला तरी ते माहीत असते आणि तो पत्र पाठवतो.

नागसेनवनातल्या वसतिगृहांतून मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जातात. हिंगोलीची आहेत, परभणीची आहेत, जालन्याची, बुलढाण्याची आहेत. प्रत्येकाच्या वस्तीत एक तरी जुना पेटीवाला किंवा ढोलकीवाला असतो आणि त्याच्याजवळ एक फाटकी वही असते. वही मागू नये, तो देणार नाही आणि देऊही नये. त्याच्याजवळ बसून पानापानाची छायाचित्रे घ्यावीत, शेवटच्या कडव्यासकट. चाल त्याच्याच तोंडून म्हणवून मोबाईलमध्ये भरावी. त्याचे पूर्ण नाव, वय, गाव, कोणाच्या पार्टीत किती वर्षे होता आणि हे गाणे त्याला कोणी दिले, हे त्याच दिवशी लिहून काढावे. जून महिन्यात महाविद्यालये उघडतील तेव्हा हे सारे एका ठिकाणी ठेवायला एखाद्या ग्रंथपालाने एक कपाट रिकामे करून द्यावे.